हाताने फिरवायचं जुनं शिलाई मशीन: सहा महिने वापरल्यावर

कामाच्या ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस बिनपगारी झाले, तेव्हा पहिली कात्री कपड्यांच्या खरेदीला लागली. खरी कात्री त्यानंतर हातात आली. एकाच्या माळ्यावर पडून असलेलं ओतीव लोखंडाचं मशीन मी उचलून आणलं. वजन एवढं की जिन्यात दोनदा टेकवावं लागलं.

आधी तक्रारी. उजवा हात चाकावर अडकतो, त्यामुळे कापड एकट्या डाव्या हाताने सांभाळायचं. उलटा टाका नाही; शेवटाला कापड फिरवून पुन्हा शिवायचं किंवा दोरे हाताने गाठायचे. रात्री चालवलं तर घर जागं होतं.

पहिले दोन दिवस शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं नुसतं जंजाळ होत होतं. मी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, डबीचा स्क्रू पिळत बसलो. आईने लांबूनच सांगितलं, “खाली गुंता दिसतोय ना, मग वरचं बघ.” वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये बसलाच नव्हता. कापड दाबून धरणारा फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला, गुंता संपला. असा वरच्या-खालच्या दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट अमेरिकेतल्या एलियस हाव यांनी १८४६ मध्ये घेतलं होतं. मला तो टाका नीट जमायला आठवडा लागला.

सुईचे नंबर मात्र शिकून घ्या. १४ नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाडीची असते, रोजच्या सुती कापडाला चालते. जीन्सला १६ लावा. मी १४ ने जीन्स रेटली आणि सुईचं टोक कुठे उडालं ते अजून सापडलेलं नाही. तेल मशीनचंच घाला. खायचं तेल आत चिकटून बसतं.

मशीनची खरी किंमत कळली ती कॉलरमुळे. शर्ट धड, फक्त कॉलरची घडी विरलेली. कॉलर पट्टीतून उसवली, उलटी केली आणि विरलेली बाजू खाली घालून परत शिवली. उसवायलाच पाऊण तास गेला. मूळ टाके इतके बारीक आणि सरळ होते की भिंगातून पाहत एकेक सोडवावा लागला. हा शर्ट चार वर्षं अंगावर होता, पण तो कोणाच्या तरी हाताखालून गेलाय हे तोपर्यंत मनातही आलं नव्हतं. माझी ओळ त्यामानाने वाकडीच आली. टायखाली लपते.

पाचपैकी चार गुण. एक गुण कापला तो आवाजासाठी.

मशीनच्या खणात आधीच्या मालकाच्या तीन बॉबिन निघाल्या. एकीवर चॉकलेटी दोरा भरलेला होता, कशासाठी भरला होता कोण जाणे. मुलीच्या दप्तराचा पट्टा शिवताना तो संपत आला. शेवटचा टाका झाला तेव्हा बॉबिनवर वीतभर दोरा उरला होता.