हिकारीसीपी की पीजीबाउन्सर?

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस देतो आणि कनेक्शनची मूळ मर्यादा १००. म्हणजे पूल (उघडी कनेक्शनं ठेवून पुन्हा पुन्हा वापरणारा साठा) लागतोच. तो ठेवायचा कुठे, ॲपच्या आत (हिकारीसीपी) की ॲप आणि डेटाबेसच्या मध्ये (पीजीबाउन्सर), एवढाच प्रश्न.

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये २.० पासून हिकारीसीपी आपसूक येतो. वेगळा सर्व्हर नको, नेटवर्कचा जादा टप्पा नको. आकार सांगितला नाही तर १० कनेक्शन. ॲपचे एक-दोन इन्स्टन्स (चालू प्रती) असतील तर पुढे वाचायचीही गरज नाही. पण कुबरनेटीसवर (ॲपच्या अनेक प्रती चालवणारी यंत्रणा) १२ पॉड, म्हणजे ॲपच्या १२ प्रती, झाले की मागणी १२० वर जाते आणि डेटाबेस सरळ नकार देतो. प्रत्येक पॉडचा पूल आपापला. शेजारी काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

पीजीबाउन्सर पोर्ट ६४३२ वर मध्ये बसतो आणि मोजकी कनेक्शनं सगळ्यांत फिरवतो. खरी कमाई ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला) आहे; मूळ सेटिंग मात्र सेशन मोडचं (ॲप कनेक्शन सोडेपर्यंत ते त्याचंच). ते तसंच राहिलं तर खटाटोप बहुतांशी वाया. (हे हमखास राहतं.) बदललं की ‘लिसन’ (डेटाबेसकडून सूचना ऐकण्याची आज्ञा) आणि सेशनभर टिकणारे ॲडव्हायझरी लॉक (ॲपने स्वतः मागून घेतलेली कुलुपं) विसरायचे. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) सोय मात्र पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून आली आहे.

पीजीबाउन्सर आणला म्हणून हिकारी काढू नका, त्याचा पूल फक्त लहान करा.