बारीक कामाचा महागडा एअरब्रश: घ्यावा की मधल्यावर भागवावं?

एअरब्रशवर, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या हत्यारावर, हात बसू लागला की नजर नोझलच्या (रंग बाहेर पडतो त्या टोकाच्या) ०.१८ मिलिमीटर या आकड्याकडे वळतेच. इवाटाचा कस्टम मायक्रॉन किंवा जीएसआय क्रिऑसचा पीएस-७७० असा ०.१८ चा महागडा एअरब्रश हाती आला की चेहऱ्यावरचा केस न् केस, मॉडेल विमानाच्या पत्र्यावरचा डाग न् डाग काढता येईल असं वाटू लागतं. प्रश्न पैशांचा असतो. इवाटाच्या एक्लिप्स सीएससारखा ०.३५ मिलिमीटरचा, मधल्या किमतीतला एअरब्रश बहुतेकांकडे आधीच असतो. मायक्रॉनला त्याच्या दोन-तीन पट पैसे मोजावे लागतात. ते कशासाठी मोजायचे?

माझं मत आधीच सांगतो. बारीक रेष एक्लिप्सनेही निघते. मायक्रॉनचे जास्तीचे पैसे जातात ते ती रेष दर वेळी तशीच, ठरवलेल्या जागीच उमटावी यासाठी. ज्याच्या कामात याला किंमत आहे त्याने बेलाशक घ्यावा. बाकीच्यांनी तेच पैसे आधी हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरकडे वळवावेत.

आकड्याचा अर्थ नीट कळला की निम्मा गोंधळ मिटतो. ०.१८ हा नोझलच्या तोंडाचा व्यास आहे, रेषेची जाडी नाही. त्या तोंडात निमुळती सुई बसलेली असते. ट्रिगर मागे ओढला की सुई किंचित मागे सरकते आणि सुई नि नोझल यांच्यामधल्या फटीतून रंग येतो. फट किती उघडायची हे तुमच्या बोटावर आहे. म्हणूनच ०.३५ चं नोझल असलं तरी सुई अगदी जराशी उघडून, कागदापासून काही मिलिमीटरवर टोक धरून केसासारखी रेष काढता येते. फरक पडतो चुकीला मिळणाऱ्या सवलतीत. ०.३५ चं तोंड क्षेत्रफळाने ०.१८ च्या जवळपास पावणेचार पट आहे. बोट तेवढंच चुकलं तरी मोठ्या नोझलमधून रंग भसकन येतो, लहानातून थोडाच वाढतो. मायक्रॉनचं नोझल आणि ते ज्यात बसतं तो पुढचा भाग, म्हणजे हेड, जोडीने जुळवलेले असतात, त्यामुळे फवाऱ्यातले थेंबही जास्त एकसारखे पडतात.

हा फरक तपासायची एक साधी रीत आहे. जाड सुरू होऊन निमुळत्या होत शून्यावर संपणाऱ्या रेषा एकाखाली एक काढत जा. मग त्याच उलट्या काढा, म्हणजे शून्यातून सुरू होऊन जाड होणाऱ्या. पहिल्या प्रकारात दोन्ही एअरब्रश जवळजवळ बरोबरीला येतात. दुसऱ्या प्रकारात मात्र कस लागतो. मधल्या एअरब्रशमध्ये ट्रिगर थोडा मागे जाईपर्यंत काहीच येत नाही, मग एकदम ठिपका उमटतो आणि तिथून रेष सुरू होते. सरावाने तो ठिपका लहान होतो, पण लक्ष तिथेच अडकून राहतं. मायक्रॉनमध्ये ट्रिगर हलल्याबरोबर धूसर सावली पडू लागते आणि तीच हळूहळू रेष होते. डोळ्याच्या पापण्या, त्वचेवरची छिद्रं, प्राण्याची लव हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांच्यासाठी सगळा सौदा या एका गोष्टीवर ठरतो. दिवसभरात शेकडो वेळा रेष सुरू करायची असेल तर प्रत्येक सुरुवातीची धास्ती जाणं ही मोठी गोष्ट आहे.

ही परीक्षा घेताना एक पथ्य पाळा: हवा चालू ठेवूनच रंग बंद करायचा, हवा सगळ्यात शेवटी बंद करायची. हवा आधी तोडली की टोकाशी रंग साचतो आणि पुढच्या रेषेच्या तोंडाशी शिंतोडे उडतात. हा दोष एअरब्रशचा समजून अनेक जण नवा घ्यायला निघतात.

आता रंगाकडे वळू. निर्णय खरं तर इथेच होतो. ०.१८ च्या तोंडातून जायला रंग दुधाहूनही पातळ हवा आणि त्यातले कण अगदी बारीक हवेत. शाई, एअरब्रशसाठीचे पारदर्शक रंग, नीट पातळ केलेले लॅकर हे सगळं सुखाने चालतं. बाटलीतले जाडसर अॅक्रिलिक मात्र सुईच्या टोकावर सुकतात. हे मोठ्या नोझलवरही होतं, पण लहानावर लवकर होतं आणि लगेच जाणवतं. दर थोड्या वेळाने टोक पुसत बसावं लागतं. धातूच्या चकाकीचे रंग आणि प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) त्यातून मारूच नयेत. प्रायमरला ०.४ किंवा ०.५ हवं. म्हणजे तुमचं काम मुख्यतः मॉडेलवर सपाट रंग बसवणं, सावल्या देणं, वरून वॉर्निश मारणं असं असेल, तर मायक्रॉन घेऊनही हातात बहुतेक वेळ जुनाच एअरब्रश राहील. रंगाचा लहान कप आणि अरुंद फवारा घेऊन मोठा पृष्ठभाग रंगवला की पट्टे दिसतात, तो त्रास वेगळाच.

कॉम्प्रेसरबद्दल वर बोललो ते उगाच नाही. बारीक रेषेसाठी प्रेशर १० ते १५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास, कधी त्याहूनही खाली आणावं लागतं. टाकी नसलेल्या स्वस्त कॉम्प्रेसरची हवा या पातळीवर धडधडत येते आणि रेषेत ती गाठीगाठींसारखी दिसते. नळीत पाणी साचत असेल तर एखादा थेंब सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. टाकी, कमी प्रेशरला स्थिर राहणारा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर, या तिन्हींशिवाय मायक्रॉनचा गुण दिसतच नाही. या तिन्ही गोष्टी एक्लिप्सला जोडल्या तर मात्र तोच एअरब्रश नवा वाटायला लागतो.

देखभालीत मधला एअरब्रश सरळसरळ जिंकतो. एक्लिप्सचं नोझल नुसतं आत बसतं, वरची टोपी आवळली की आपोआप मध्यावर येतं. काढा, धुवा, परत ठेवा. नोझल लहान झालं की सगळं नाजूक होतं: सुईचं टोक कपड्यात अडकलं तरी वाकतं, नोझल साफ करताना जरा जोर लागला तर त्याचं तोंड फाकतं. एक्लिप्सला हे झालं तर छोटासा भाग बदलून काम होतं. मायक्रॉनला नोझल आणि हेड जोडीने घ्यायची वेळ आली तर त्या एका दुरुस्तीत चांगल्यापैकी साधा एअरब्रश येऊ शकतो. हा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. ज्याला रोज शेवटी सुई काढून पुसायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

या दोघांच्या मधली एक वाट मला फार पटते. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकचे इव्होल्यूशन आणि इन्फिनिटी. दोन्हींत सुई-नोझलची जोडी हत्याराशिवाय, हातानेच बदलता येते आणि ०.२ ची जोडी दोन्हींना बसते. म्हणजे महागड्या इन्फिनिटीतून निघणारा फवारा इव्होल्यूशनमधूनही निघू शकतो. वरचे पैसे ट्रिगरचा स्पर्श आणि सुई किती मागे जाईल याची मर्यादा बांधणारा मागचा स्क्रू अशा सोयींचे आहेत. एकाच एअरब्रशवर सकाळी ०.४ ने थर द्यायचे आणि संध्याकाळी ०.२ ने बारकावे काढायचे असतील, तर मायक्रॉनपेक्षा मी हाच सुचवेन. शून्यातून सुरू होणाऱ्या रेषेत मायक्रॉन अजूनही सरस वाटतो, पण हे अंतर एक्लिप्स आणि मायक्रॉनमधल्या अंतराहून खूपच कमी आहे.

अगदी स्वस्तातले, आकड्याने ०.२ म्हणवणारे बिननावाचे एअरब्रश बारीक कामासाठी घेऊ नयेत. सुई आणि नोझल एकमेकांना बसतीलच याची खात्री नसते.

चित्रकार, टी-शर्ट किंवा हेल्मेटवर चेहरे काढणारे, शाईत काम करणारे, ज्यांचा आत्ताचा एअरब्रश नीट साफ असूनही बारीक रेषेत कमी पडतो, त्यांनी मायक्रॉन घ्यावा, उशीर करू नये. जुना, वापरलेला मिळत असेल तर आधी सुई बाहेर काढून काचेवर फिरवा. टोक डुगडुगलं तर ती वाकलेली आहे. मग टोक नखावरून हलकेच मागे ओढा, अडकतंय का बघा. नंतर कपात पाणी घालून नुसती हवा सोडा. कपात बुडबुडे आले तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा त्याला चीर गेली आहे. नोझल काढून पुन्हा बसवल्यावरही बुडबुडे येत राहिले, तर नव्या हेडची किंमत वजा करूनच भाव करा.