माध्यमिक शाळेसाठी नेटबॉलचे साहित्य : पैसा कुठे घालावा

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेतल्या मुलींना अर्धवेळ, मानधनावर नेटबॉल शिकवते. शाळेने या खेळाचे साहित्य घ्यायचे ठरवले तेव्हा निवडीचे काम माझ्याकडे आले. चेंडू, बिब (खेळाडूची जागा सांगणारे अक्षर असलेला, कपड्यांवर घालायचा बिनबाह्यांचा अंगरखा), जाळ्या आणि पंप जळगावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून घेतले आणि खांब गावातल्याच फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये करून घेतले. पावसाळ्याचा चिखल आणि उन्हाळ्याची धूळ या दोन्हींत हे साहित्य वापरून झाले आहे, त्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. खानदेशातल्या ज्या शाळा हा खेळ सुरू करण्याच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी माझे मत आधीच सांगते : हात आखडता न घेता खर्च करायचा असेल तर तो चेंडूंवर करावा, खांब स्थानिक कारागिराकडून, परंतु काटेकोर मापात करून घ्यावेत, आणि उरलेल्या पैशांत बाकीच्या वस्तू बसवाव्यात.

चेंडूला एवढे महत्त्व देण्याचे कारण खेळाच्या नियमांतच आहे. नेटबॉलमध्ये चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेता येत नाही. तो हातात आला की तीन सेकंदांच्या आत सहकाऱ्याकडे द्यावा लागतो किंवा गोलसाठी खांबावरच्या रिंगकडे टाकावा लागतो. चेंडू घेताना जो पाय आधी टेकला तो उचलल्यास पुन्हा टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. आणि मैदानाचे जे तीन समान भाग असतात त्यांपैकी एक संपूर्ण भाग, तिथे कोणाचाही हात न लागता, ओलांडून जाईल असा लांब पासही चालत नाही. म्हणजे 30.5 मीटर लांबीच्या मैदानावर चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा तर तो अनेक हातांतून जाणार, आणि प्रत्येक हातात तो पहिल्याच वेळी नीट बसला पाहिजे. बास्केटबॉलमध्ये निसटू पाहणारा चेंडू टप्पे देत सावरून घेता येतो. इथे ती मोकळीक फारच थोडी आहे. ज्या चेंडूला पकड नाही त्याने मुली पास शिकत नाहीत, चेंडूला घाबरायला मात्र शिकतात, आणि ती भीती नंतर काढणे फार कष्टाचे होते.

दुकानात गेल्यावर पहिली अडचण अशी येते की बऱ्याच ठिकाणी नेटबॉल मागितला तर बास्केटबॉल किंवा फुटबॉल पुढे केला जातो. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा महिला संघ नेटबॉल खेळला होता आणि शालेय स्पर्धांच्या यादीतही हा खेळ आहे, तरी आपल्या भागातल्या दुकानांच्या फळ्यांवर क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि कॅरमच्या पलीकडचे फारसे काही नसते. पर्याय म्हणून दिलेला चेंडू घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. नेटबॉलचा पाच नंबरचा चेंडू 690 ते 710 मिलिमीटर घेराचा आणि 400 ते 450 ग्रॅम वजनाचा असतो. सात नंबरचा बास्केटबॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. आठवीतल्या मुलीने त्याने खांद्यावरून पास दिला तर तो निम्म्या वाटेतच खाली येतो आणि मनगटावर भलता ताण पडतो. फुटबॉलचे माप आणि वजन पाच नंबरच्या नेटबॉलशी जवळजवळ जुळते, म्हणूनच तो अधिक फसवा आहे : त्याचा पृष्ठभाग पायाने मारण्यासाठी गुळगुळीत केलेला असतो आणि घामेजलेल्या बोटांतून तो सुटतो.

आम्ही निवडलेला चेंडू रबराचा, कापडी अस्तर असलेला आणि हाताने शिवलेला आहे. त्याच्या पृष्ठभागावर ज्वारीच्या दाण्याहून बारीक असे उंचवटे सर्वत्र सारखे पसरलेले आहेत. बोट फिरवले की ते शिवणीच्या अगदी काठापर्यंत जाणवतात. स्वस्त चेंडूवर हे उंचवटे नुसते छापल्यासारखे चपटे असतात आणि शिवणीजवळ संपतात, त्यामुळे बोटे नेमकी शिवणीवर आली की चेंडू निसटतो. शाळेने पूर्वी इंटरनेटवरून एका विक्रेत्याकडून मागवलेले काही चेंडू याच प्रकारचे होते. त्यांचे तुकडे शिवलेले नसून चिकटवलेले होते. पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटल्या, आतला ब्लॅडर एका बाजूने फुगून आला आणि चेंडू हवेत डगमगत जाऊ लागला. विक्रेत्याने तक्रारीला उत्तर दिले नाही. नवे आणि जुने चेंडू एकत्र ठेवून सराव घेतला तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून येणारी आठवीतली मुलगी जुना चेंडू बाजूला ठेवत म्हणाली, "मॅडम, हाऊ चेंडू हातमा टिकस नही." यापेक्षा नेमके परीक्षण मलाही लिहिता येणार नाही.

नव्या चेंडूंतही उणीव आहे आणि ती सांगितली पाहिजे. आमचे मैदान मुरुमाचे आहे. त्यावर बाउन्स पासचा, म्हणजे जमिनीवर एक टप्पा देऊन सहकाऱ्याकडे चेंडू देण्याचा, सराव सतत केला की उंचवटे झिजतात, आणि झिजायला सुरुवात झाली की पकड झपाट्याने कमी होते. म्हणून बाउन्स पासचा सराव आता व्हरांड्यासमोरच्या सिमेंटच्या पट्ट्यावर घेतला जातो आणि सामन्यासाठीचे चेंडू त्यातून वेगळे ठेवले जातात. चेंडू ओल्या फडक्याने पुसून ठेवला तर धूळ उंचवट्यांच्या फटींत बसत नाही. हे काम मुलीच आळीपाळीने करतात.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि त्याआधीच मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत कोंडलेले चेंडू दगडासारखे टणक होतात. हवेचा दाब 76 ते 83 किलोपास्कल, म्हणजे दर चौरस इंचाला 11 ते 12 पाउंड असावा. सकाळी गार हवेत तो बरोबर भरला तरी दुपारी वाढलेला असतो, आणि असा चेंडू तळहातावर आदळून उडतो. दुकानदाराने काटा असलेला पंप घ्यायला सुचवले ते फार योग्य झाले. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याच्या पद्धतीवर मी तरी विसंबणार नाही. चेंडू पत्र्याच्या खोलीतून काढून मुख्य इमारतीतल्या तळमजल्याच्या कपाटात ठेवण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, हेही इथे नोंदवते.

आता खांबांविषयी. तयार खांब बाहेरून मागवले तर वाहतुकीचाच खर्च इतका येतो की तेवढ्यात आणखी काही चेंडू घेता येतात. शिवाय खांब ही लोखंडी नळीची सरळ वस्तू आहे, जी आपल्याकडचा कोणताही चांगला वेल्डर करू शकतो. अट एवढीच की माप त्याच्या हाती लिहून द्यावे आणि काम चालू असताना आपण तिथे उभे राहावे. रिंगची जमिनीपासून उंची 3.05 मीटर, रिंगचा आतला व्यास 380 मिलिमीटर, खांब आणि रिंग यांच्यामधले अंतर 150 मिलिमीटर. मागे फळा नसतो. बास्केटबॉलची रिंग 450 मिलिमीटरची असते आणि फळ्याला लागून चेंडू आत जाऊ शकतो. इथे सुमारे 22 सेंटिमीटर व्यासाचा चेंडू वरून, उंच कमानीतून, थेट टाकावा लागतो. रिंग थोडीशीही लहान किंवा तिरपी झाली तर गोल शूटर आणि गोल अटॅक या दोनच खेळाडूंना, ज्यांना गोल करण्याची मुभा असते, चुकीचा नेम अंगवळणी पडतो आणि तो स्पर्धेच्या मैदानावर उघडा पडतो.

हे प्रत्यक्षात घडण्याच्या बेतात होते. वर्कशॉपमधल्या कारागिराने फरशीवर खडूने जे वर्तुळ आखले ते 380 मिलिमीटरचेच होते, पण ते बाहेरचे माप धरून. सळई 15 मिलिमीटर जाडीची. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की आतला व्यास 350 राहिला असता. त्याला कारण समजावल्यावर त्याने स्वतःहून प्लायवूडची 380 मिलिमीटरची चकती कापली, रिंग तिच्याभोवती वळवली आणि जोड मारल्यावर चकती पुन्हा आतून फिरवून पाहिली. दुसऱ्या रिंगच्या वेळी चकती एका ठिकाणी अडकली, तेव्हा त्याने वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरने घासून काढला. इतक्या आस्थेने केलेले काम कारखान्यातून आलेल्या खांबात मिळेलच असे नाही. ज्यांना खांब करून घ्यायचे आहेत त्यांनी ही चकतीची पद्धत जरूर वापरावी.

खांबाच्या बैठकीबाबतही आधीच स्पष्ट बोलावे. वेल्डर सवयीने गोल तबकडीच्या मधोमध खांब उभा करतात किंवा ट्रकच्या टायरमध्ये सिमेंट भरून देतात. त्यामुळे बैठकीचा अर्धा भाग मैदानात येतो, जे नियमाला धरून नाही आणि उडी मारून उतरणाऱ्या मुलीच्या घोट्यासाठी धोक्याचे आहे. आमच्या बैठकीत खांब पुढच्या कडेला आहे आणि सिमेंटच्या ठोकळ्याचे सगळे वजन गोलरेषेच्या मागे जाते. ती जड आहे आणि हलवायला चौघी लागतात, तरी मी हलते खांबच पसंत करते. काळ्या मातीत पुरलेला खांब उन्हाळ्यात जमीन भेगाळली की सैल होतो आणि पावसात माती फुगली की कलतो. शिवाय त्याच मैदानावर कबड्डी, खो-खो आणि 15 ऑगस्टचे संचलन होते. खांबाला फोमचे आवरण हवेच, परंतु ते 50 मिलिमीटरपेक्षा जाड नसावे. गावातल्या रेक्झिनचे काम करणाऱ्याने ते शिवून दिले आणि त्याची शिवण अजून कुठेही उसवलेली नाही.

बिबविषयी थोडक्यात लिहिते. संघातल्या खेळाडूंच्या सात जागांची अक्षरे पंचांना लांबून दिसली पाहिजेत, कारण कोणत्या खेळाडूने मैदानाच्या कोणत्या भागात जायचे हे त्यांवरूनच ठरते. उदाहरणार्थ, विंग अटॅक या जागेवरची खेळाडू गोलवर्तुळात, म्हणजे रिंगसमोर आखलेल्या अर्धवर्तुळात, शिरली तर तो दोष आहे. आम्हाला मिळालेल्या बिबवरची अक्षरे चिकटवलेली आहेत आणि धुताना त्यांचे कोपरे सुटू लागले आहेत. शिवलेली अक्षरे मागावीत आणि बाजूला वेल्क्रोऐवजी नाडी मागावी, म्हणजे एकच बिब सर्व मुलींना बसते. जाळ्या ठीक आहेत.

दुकानाची सेवा मला समाधानकारक वाटली. नेटबॉल दुकानात तयार नव्हता हे दुकानदाराने लपवले नाही आणि त्याजागी दुसरे काही गळ्यात मारले नाही. नमुन्याचे चेंडू मागवून, ते हाताळून पाहू देऊन, मगच त्याने ऑर्डर घेतली. शाळेच्या हिशेबतपासणीसाठी लागणारे जीएसटीचे बिल प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद करून दिले. माल सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा आला, ही तक्रार आहे, आणि ती किरकोळ नाही, कारण शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. जिल्हा पातळीवर जिंकलेल्या संघाला पुढे नाशिक विभागाच्या स्पर्धेत जायचे असते. सरावाचे आठवडे असे वाया गेले तर भरून निघत नाहीत. ऑर्डर मे महिन्यातच नोंदवावी.

आमच्या बऱ्याचशा मुली आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात. शाळा सुटल्यापासून बस येईपर्यंतचा वेळ एवढाच त्यांचा सराव, आणि पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत त्यातल्या काहींना तोही मिळत नाही. एका चेंडूवर बारा-चौदा मुली रांगेत उभ्या राहिल्या तर त्या वेळातला बहुतेक भाग वाट पाहण्यात जातो. दोघींमागे एक चेंडू असला तर त्याच वेळात प्रत्येकीच्या हातून कितीतरी अधिक पास होतात. म्हणून पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात मी पाच नंबरचे आणखी चेंडू, आणि पाचवी-सहावीच्या मुलींसाठी चार नंबरचे काही चेंडू लिहिले आहेत. खांबांसाठी गंजविरोधी रंगाचा एक डबा पुरेसा होईल.