महागड्या ग्राहक सेवा क्रमांकांना पर्याय : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कंपनीशी संपर्क साधताना वेगळे शुल्क लागणारा क्रमांक शक्यतो लावायचाच नाही, हा नियम मी गेले काही महिने पाळत आहे. या काळात बँक, विमा, विमान कंपनी, इंटरनेट जोडणी, कुरिअर अशा सगळ्यांशी बोलण्याची वेळ आली, देशात असतानाही आणि परदेशातूनही. अनुभव एकंदरीत समाधानकारक आहे आणि फोनच्या बिलातल्या अनपेक्षित रकमा जवळपास थांबल्या आहेत. मात्र फोन लावण्याआधी थोडी तयारी करावी लागते आणि प्रत्येक कंपनीच्या बाबतीत ती फळाला येतेच असे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

‘अमर्याद कॉल’ असलेल्या पॅकमध्ये साधे लँडलाइन आणि मोबाइल क्रमांक येतात. कंपन्यांचे विशेष क्रमांक बहुधा त्याबाहेर राहतात. भारतात १८०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे पैसे कंपनी भरते, तर १८६० ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे पैसे फोन करणाऱ्याला पडतात आणि अनेक पॅकमध्ये तो क्रमांक धरलेला नसतो. दोन्ही क्रमांक एकाच ओळीत, सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले असल्यामुळे हा फरक चटकन लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये ०८०० आणि ०८०८ हे क्रमांक १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही विनाशुल्क आहेत आणि ०३ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांना साध्या लँडलाइनचाच दर लागतो. याउलट ०८४ आणि ०८७ या मालिकांमध्ये आकार दोन भागांत पडतो : एक भाग आपल्या फोन कंपनीचा, आणि दुसरा ज्या सेवेला फोन केला तिचा, जो ०८४ साठी मिनिटाला ७ पेन्सपर्यंत आणि ०८७ साठी १३ पेन्सपर्यंत असू शकतो. या दुसऱ्या भागातला वाटा फोन घेणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचू शकतो. तक्रार घेऊन आलेला ग्राहक जितका वेळ ताटकळेल तितकी त्या कंपनीची मिळकत वाढावी, ही रचनाच मला अन्यायाची वाटते.

खरा भुर्दंड बसतो तो या ताटकळण्याचाच. ध्वनिमुद्रित आवाजाने स्वागत केले की फोन जोडला गेला असे धरले जाते आणि तिथपासून मिनिटे मोजली जातात. भाषा निवडा, ग्राहक क्रमांक टाका, आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, या सगळ्याचे पैसे आपणच देत असतो. जर्मनीने १ जून २०१३ पासून अशा विशेष क्रमांकांवरच्या प्रतीक्षेसाठी मिनिटागणिक पैसे घेण्यास मनाई केली. इतरत्रही असा नियम व्हावा, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत उपयोगी ठरला तो परदेशातून फोन करणाऱ्यांसाठी दिलेला क्रमांक. टोल-फ्री क्रमांक देशाबाहेरून बहुधा लागत नाहीत, म्हणून बँका, कार्ड कंपन्या आणि विमान कंपन्या देशाच्या संकेतांकासह एक साधा क्रमांकही देतात. बँकेच्या कार्डाच्या मागच्या बाजूला, सहीच्या पट्टीच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत अधिक चिन्हाने सुरू होणारा क्रमांक दिसतो, तो हाच. देशात राहूनही तो लावता येतो, पॅकमध्ये बसतो, आणि फोन बहुतेक वेळा त्याच प्रतिनिधींकडे जातो. विम्याच्या बाबतीत पॉलिसीच्या कागदपत्रांची शेवटची पाने चाळावीत. तिथे तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता आणि अनेकदा साधा लँडलाइन क्रमांकही छापलेला असतो. एका विमा कंपनीच्या मुख्य क्रमांकावर पर्यायांमागून पर्याय दाबूनही माणूस भेटत नव्हता. पॉलिसीतल्या या क्रमांकावर मात्र पहिल्याच प्रयत्नात एका बाईंनी फोन उचलला, माझे प्रकरण ऐकून घेतले आणि तक्रार क्रमांकही दिला. पत्ता बदलण्यासारख्या किरकोळ कामांसाठी हा क्रमांक वापरणे योग्य नव्हे, हेही नमूद करतो.

पर्यायी क्रमांक शोधताना एक पथ्य काटेकोरपणे पाळावे लागते. क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, बिलावरून, कार्डावरून किंवा करारपत्रावरूनच घ्यावा. कंपनीचे नाव टाकून शोध घेतला की वर येणाऱ्या जाहिरातींत मध्यस्थांचे क्रमांक असतात, जे आपला फोन कंपनीकडे वळवण्यासाठी भरमसाट दर लावतात. त्याहून वाईट म्हणजे ग्राहक सेवेच्या नावाखाली ओटीपी विचारणाऱ्या भामट्यांचे क्रमांकही त्यांत मिसळलेले असतात. चार पैसे वाचवण्याच्या नादात खाते रिकामे होणे कोणालाच परवडणारे नाही. इतर ग्राहकांनी जमवलेल्या क्रमांकांच्या याद्या उपयोगी असतात, पण त्यांतला क्रमांक कंपनीच्या एखाद्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय मी लावत नाही.

इंटरनेटवरून फोन करण्याबाबत बरेच गैरसमज आहेत. फोनमधले वाय-फाय कॉलिंग सुरू केले म्हणजे फोन फुकट झाला, असे नसते. त्याचा आकार आपल्या फोन कंपनीच्या दराप्रमाणेच लागतो आणि विशेष क्रमांक तिथेही विशेषच राहतो. स्काइपवरून अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांतल्या टोल-फ्री क्रमांकांना जगातून कुठूनही विनाशुल्क फोन करता येत असे. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. तसे फोन करू देणारी दुसरी अ‍ॅप आहेत, पण प्रत्येकाचे दरपत्रक आधी वाचावे लागते.

तातडी नसेल तेव्हा मी आता लेखी मार्गच धरतो. चॅटवर प्रतिनिधी येईपर्यंत आपले दुसरे काम करता येते, आणि संवादाची प्रत स्वतःकडे राहते, जी पुढे वाद झाल्यास तोंडी आश्वासनापेक्षा कितीतरी भक्कम ठरते. यांत्रिक चॅट मात्र पुष्कळदा त्याच त्या उत्तरांच्या फेऱ्यात अडकवते. तिथे ‘प्रतिनिधीशी बोलायचे आहे’ एवढेच पुन्हा लिहिणे मला सर्वांत परिणामकारक वाटले. ‘आम्हीच तुम्हाला फोन करू’ ही सोय असेल तर ती अवश्य घ्यावी, कारण फोनचा खर्च कंपनीवर जातो. काही कंपन्या ठरलेल्या वेळी फोन करतात, काही करतच नाहीत. विमान कंपन्यांच्या बाबतीत माझा अनुभव वाईट आहे : प्रवास तोंडावर आलेला असताना ना चॅट कामी आली, ना परत येणारा फोन, आणि शेवटी महागडा क्रमांकच लावावा लागला.

महागडा क्रमांक लावावाच लागला, तर कायदा माहीत असलेला बरा. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, बहुतेक प्रकारच्या झालेल्या करारांबाबत फोन करणाऱ्या ग्राहकाकडून मूळ दरापेक्षा अधिक घेता येत नाही. मूळ दर म्हणजे साध्या लँडलाइन किंवा मोबाइल क्रमांकाला लागणारा दर, आणि जादा दरातून विक्रेत्याला नफा होतो की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, असे युरोपीय न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये जर्मनीतल्या एका विक्रेत्याच्या ०१८० क्रमांकाच्या प्रकरणात स्पष्ट केले. ब्रिटनमध्ये जून २०१४ पासून तसाच नियम लागू आहे आणि अधिक घेतलेली रक्कम ग्राहकाला परत देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. खरेदीपूर्व चौकशीला मात्र हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे काही विकत घेण्याआधीचे प्रश्न ईमेलवरच विचारावेत. परतावा मागताना बिलातली ती ओळ, म्हणजे तारीख, क्रमांक, मिनिटे आणि रक्कम, तक्रारीला जोडावी आणि साध्या क्रमांकाला किती आकार पडला असता तेही शेजारी मांडावे.