जुना एक्सएचटीएमएल डॉकटाइप की एचटीएमएल५चा?

इंदूरच्या गणेश मंडळाची साइट नव्याने करणारा भाचा विचारतोय, डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे ब्राउझरला सांगणारी पहिली ओळ, २००० सालच्या एक्सएचटीएमएल १.० ट्रान्झिशनलचा ठेवू का एचटीएमएल५चा टाकू. लिहायला जुना लांबलचक, वेब-पत्त्यासकट, कॉपी-पेस्टच करावा लागतो, नवा म्हणजे नुसतं डॉकटाइप एचटीएमएल. व्हॅलिडेटर, म्हणजे कोडातल्या चुका शोधणारं साधन, जुन्यात प्रत्येक टॅग बंद करायला लावतो, शिस्त लागते हे खरं. ब्राउझरचं म्हणशील तर नव्याने पूर्ण स्टँडर्ड्स मोड मिळतो, म्हणजे पान ठरलेल्या नियमांप्रमाणेच दिसतं, जुन्याने जवळपास तोच, फरक कुठे तर टेबलच्या खान्यात कापून बसवलेले फोटो, नव्यात त्यांच्याखाली बारीक फट पडते, जुन्यात नाही. पण डॉकटाइप काढूनच टाकू नको रे, मग ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या खोडींसकट पान दाखवतो, आणि त्यात बॉडीचा फॉन्ट साइज टेबलात उतरतच नाही! जुनी टेबलवाली पानं तशीच चालवायची तर जुना राहू दे, नवीन लिहायचं तर एचटीएमएल५च.