बॉक्स क्रिकेटचा टर्फ: भाडं, भांडणं आणि एकटा आलेला आठवा खेळाडू

पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही जा, तासावर मिळणाऱ्या टर्फचे दर साधारण एकाच पट्ट्यात असतात. आठवड्यातल्या दुपारी 700-800 रुपये, संध्याकाळी 1,200 ते 1,500, शनिवार-रविवारच्या रात्री 2,000च्या आसपास. एवढ्या पैशांत जाळीचा पिंजरा, प्लास्टिकचं गवत, दिवे, स्टंप आणि नशीब असेल तर पिण्याचं पाणी मिळतं. ऑनलाइन तारे देणारे बहुतेक जण गवत आणि दिवे बघून देतात. पण सोळा माणसं तासाभरानंतर हसत बाहेर पडणार की एकमेकांच्या कॉलरला हात घालणार, हे घड्याळ, रेषा आणि गेटवरची नियमांची पाटी या तीन गोष्टींवर बरंच अवलंबून असतं. या तिन्ही गोष्टी टर्फवाल्याच्या हातात आहेत, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका टर्फचं न करता या सेवेचंच केलं आहे.

आधी घड्याळ, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथूनच निघतात. आठ-आठचे दोन संघ तासाभराचा स्लॉट घेतात आणि हौसेने आठ-आठ ओव्हरची मॅच ठरवतात. बॉक्समध्ये कोपऱ्यातला बॉल आणणं, बॅट्समन बदलणं, वाइडवरून थोडी घासाघीस हे सगळं धरलं तर ओव्हरला चार मिनिटं जातात. सोळा ओव्हरची झाली 64 मिनिटं. टॉस आणि इनिंग बदलायचा वेळ वेगळाच. मग दुसऱ्या संघाला दोन ओव्हरमध्ये 14 रन हवे असतात आणि नेमके तेव्हाच पुढचे सोळा जण बुटांच्या नाड्या बांधून गेटला टेकलेले असतात. पैसे दोघांनीही भरलेले, त्यामुळे दोघांनाही आपलंच खरं वाटतं. सहा-सहा ओव्हर ठेवल्या तर खेळ 48 मिनिटांत आटोपतो, मधले पाच धरून 53. राहिलेल्या सात मिनिटांत टॉस, बॅगा आवरणं आणि हरलेल्यांची कुरकुर हे सगळं बसतं.

टर्फवाला शहाणा असेल तर स्लॉट 55 मिनिटांचा विकतो आणि 50व्या मिनिटाला हूटर वाजवतो. शहाणा नसेल तर केअरटेकर ‘दादा, टाइम झाला’ असं तीनदा ओरडतो आणि शेवटी दिवेच घालवतो. हा प्रकार धोक्याचा आहे. हार्ड टेनिसचा बॉल हवेत असताना अंधार झाला तर तो कुणाच्या तोंडावर येईल सांगता येत नाही. शिवाय सगळा राग त्या केअरटेकरवर निघतो. पगार तुटपुंजा, राहणं टर्फच्याच केबिनमध्ये, आणि सोळा दमलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम एकट्याचं. बुकिंगआधी फोन करून एवढंच विचारा: ‘वेळ संपत आल्याचं कसं कळवता?’ उत्तर ऐकून टर्फची निम्मी पारख होते.

आता नियमांची पाटी. बॉक्सचे नियम जागोजागी बदलतात, आणि प्रत्येक गट आपल्या सोसायटीतला नियम हाच कायदा समजून येतो. छताच्या जाळीला लागलेला बॉल कुठे आउट असतो, कुठे डेड. बाजूच्या जाळीवरून उडालेला बॉल एका हाताने झेलला तर आउट की नाही? समोरच्या जाळीवर थेट गेला तर सहा आणि टप्पा पडून गेला तर चार, हे बहुतेक ठिकाणी मान्य असतं. पण विकेटमागच्या जाळीला बॅटची कड लागून गेलेल्या बॉलचा एक रन धरायचा की दोन, यावर पंधरा मिनिटं सहज जातात. हे सगळं चार ओळींत लिहून पाटी गेटवर लावायला टर्फवाल्याला फार तर 500 रुपये लागतात. ज्यांनी लावली आहे त्यांच्याकडे वाद ‘पाटी वाच’ या दोन शब्दांत मिटतो. जिथे पाटी नाही तिथे टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टननी जाळी, छत, मागची कड आणि ‘लास्ट मॅन’ एकटा बॅटिंग करणार का, या चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्याव्यात. पहिला बॉल ट्रायल असणार की नाही, हेही त्यातच ठरवावं. नंतर ठरवायला गेलात तर तो रडीचा डाव होतो.

वाइडच्या रेषा हा याहून साधा मुद्दा, आणि नेमका तोच बहुतेक टर्फवर दुर्लक्षित आहे. पिवळ्या रंगाच्या दोन रेषा, दोन्ही बाजूंना स्टंपपासून सारख्या अंतरावर. डावखुरा आला की लेग आणि ऑफची अदलाबदल होते, म्हणून दोन्हीकडे हव्यात. रेषा नसेल तर पांढरी चिकटपट्टी न्या. रंगाच्या दुकानात मिळणारी कागदी पट्टी गवतावर टिकत नाही, कापडी लागते.

अंपायर म्हणून बॅटिंग करणाऱ्या संघाचाच माणूस उभा राहतो. गल्लीतली ही पद्धत तशीच टर्फवर आली. रनआउट देताना त्याचा हात वर होत नाही, आणि बॉलर तिथूनच तापायला सुरुवात करतो. काही टर्फ तासाला थोडे जादा पैसे घेऊन अंपायर देतात. ते परवडत नसेल तर गेटबाहेर थांबलेल्या पुढच्या बॅचमधला एखादा माणूस बोलवा. त्याला तुमच्यातल्या कुणाचंच देणंघेणं नसतं आणि तो जाळीला नाक लावून सगळं बघतच असतो. टर्फवर नेहमी येणाऱ्यांमध्ये ही पद्धत आता बरीच रुळली आहे. ‘भाऊ, तुम्ही सांगा, आउट होता का?’ असं विचारलं की अनोळखी माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो, आणि दोन्ही संघ ते मानतात. आपल्यातल्याच कुणी तोच निर्णय दिला असता तर मानला नसता. स्कोअरचं भांडण टाळायचं असेल तर क्रिकहीरोजसारख्या ॲपवर बॉलगणिक नोंद करा. मात्र मोबाइल दोन्ही संघांना दिसेल असा ठेवावा, एकाच्या खिशात नको.

नॉनस्ट्रायकर आधीच पळाला म्हणून बॉलरने स्टंप उडवला की टर्फवर अजूनही धक्काबुक्की होते. 1947 साली ऑस्ट्रेलियात भारताच्या विनू मांकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असं बाद केलं, तेव्हापासून या प्रकाराला चिकटलेला डाग नियमांनी तरी पुसला आहे. ऑक्टोबर 2022पासून एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणारा मेरिलिबोन क्रिकेट क्लब) नियमावलीत हा प्रकार ‘अनफेअर प्ले’मधून काढून रनआउटच्या नियमात टाकला गेला. म्हणजे तो साधा रनआउट आहे. पण बॉक्समध्ये पिच आखूड असतं, दोन पावलांत निम्मा रन होतो, त्यामुळे मोह दोन्हीकडे असतो. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी आउट, असं आधी ठरवून टाकलेलं बरं. नियम त्याहून कडक आहे, पण सोळा अनोळखी लोकांत ही सवलत मॅच पूर्ण करते.

शिव्यांबद्दलही एमसीसीच्या कायद्यात सोय आहे आणि ती टर्फवर जशीच्या तशी उचलता येते. 2017च्या नियमावलीत 42वा नियम खेळाडूंच्या वागणुकीवर आहे. किरकोळ प्रकाराला आधी ताकीद आणि पुन्हा केलं तर समोरच्या संघाला 5 रन. त्याहून गंभीर असेल तर थेट 5 रन. दुसऱ्या खेळाडूला मारण्याची धमकी दिली तर 5 रन आणि काही ओव्हर मैदानाबाहेर. अंपायरला मारण्याची धमकी किंवा हाणामारी असेल तर 5 रन आणि उरलेल्या मॅचसाठी बाहेरचा रस्ता. सहा ओव्हरच्या मॅचमध्ये 5 रन म्हणजे जवळजवळ अख्खी ओव्हर, त्यामुळे आईबहिणीवर जाणाऱ्याला त्याचेच सहकारी गप्प करतात. ‘सभ्य भाषा वापरा’ या फलकापेक्षा हा उपाय कितीतरी जास्त लागू पडतो. शेजारच्या स्लॉटला लहान मुलांचं कोचिंग असेल तर टर्फवाल्याने ही अट घालायलाच हवी. तसंच रात्री 10 ते सकाळी 6 हा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्रीचा काळ आहे. रात्री अकराच्या स्लॉटला प्रत्येक विकेटवर शिट्ट्या मारल्या की समोरच्या इमारतीतून फोन पोलिसांकडेच जातो.

एकाच आवारात दोन कोर्ट असतील तर मधल्या जाळीकडे नीट बघा. भोकं सुतळीने बांधलेली असतील तर बॉल सतत पलीकडे जाणार. त्याचा शिष्टाचार सोपा आहे. पलीकडचा बॉल डेड होईपर्यंत थांबायचं, मग ‘बॉल प्लीज’ म्हणायचं, आणि दुसऱ्यांचा बॉल आला तर लाथ न मारता हाताने सरपटत परत द्यायचा. मुंबईच्या आझाद मैदानावर 22 पिचेस एकमेकांत घुसलेली आहेत. एका मॅचचा फिल्डर दुसऱ्या मॅचच्या बॅट्समनपासून काही फुटांवर उभा असतो, तरी तिथे हे जमतं, कारण तिथे खेळणाऱ्याला लहानपणापासून त्याची सवय असते. टर्फवर येणाऱ्या कित्येकांना आपण भाड्याने घेतलेल्या जागेत दुसऱ्याचा बॉल येणं हाच अपमान वाटतो.

बांधकामातल्या त्रुटींनी होणारी भांडणं वेगळी. दिवे बॉलरच्या हातामागे लावलेले असतील तर बॅट्समनला बॉल दिसत नाही आणि तो बॉलरवर ‘बट्टा टाकतोय’ (हात वाकवून बॉल फेकतोय) असा आरोप करतो. झेलाखाली दोघं जण दिव्यात बघत धावले की टक्कर होते. लोखंडी खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत फोम हवा. गवतातले काळे रबराचे दाणे कोपऱ्यांत साचले असतील तर मधल्या भागात पाय घसरतो. उलट, फार दाट दाण्यांवर टेनिसचा बॉल मरतो. धातूचे खिळे असलेले बूट बहुतेक टर्फवर चालत नाहीत, रबरी स्टड घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी हे गवत इतकं तापतं की डाइव्ह मारली तर कोपराची सालं निघतात. स्वस्त स्लॉट तेव्हाचेच असतात, हे लक्षात असू द्या.

एकटं जाऊन खेळणाऱ्यांसाठी ही सेवा कशी आहे? प्लेओसारख्या ॲपवर कुणीतरी खेळ ठेवतो, जागा रिकाम्या असतात, आपण पैसे भरून जायचं. 1,200 रुपयांचे सोळा भाग म्हणजे माणशी 75. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात दहा जण एकाच ऑफिसचे असतात आणि बाहेरून आलेल्याला शेवटचा नंबर मिळतो, बॉलिंग मिळत नाही, फिल्डिंग मात्र पूर्ण इनिंग, तीही उन्हाच्या किंवा दिव्याच्या बाजूला. कुणी मुद्दाम दुष्टपणे वागत नाही. क्रम ओळखीने लागतो एवढंच.

यावर चालणारी सोय अशी. सहा ओव्हर सहा जणांनी टाकायच्या, कुणालाही दुसरी ओव्हर नाही. जे दोघं बॉलिंग करणार नाहीत ते बॅटिंगला पहिल्या तिघांत. 25 रन झाले की बॅट्समन रिटायर, सगळे आउट झाले तरच परत. या तीन अटी खेळ ठेवणाऱ्याने ॲपवरच्या वर्णनात आधीच लिहिल्या असतील तर तो गट निवडा. खेळाडू विषम आले तर जादाचा माणूस ‘कॉमन’ करायचा, म्हणजे त्याला दोन्हीकडून बॅटिंग मिळते. कुणाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा सोबत आला तर त्याला लिंबूटिंबू धरून दोन बॉल अंडरआर्म टाकायचे. यात 30 सेकंद जातात आणि त्यावरून वाद झाल्याचं सहसा दिसत नाही. बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग हा गल्लीतला जुना कायदा मात्र टर्फवर सोडा. टर्फच्या बॅटांचं हँडल बहुधा सैल असतं आणि एकाची चांगली बॅट सोळा जण वापरतात. यॉर्करवर तिचा तळ फुटतो, म्हणून बॅट देणाऱ्याला आधी विचारावं आणि फुटलीच तर वर्गणी काढावी. हे बोलणं अवघड वाटतं, पण आधी बोललेलं स्वस्त पडतं.

प्रथमोपचाराच्या बाबतीत मात्र बहुतेक टर्फ नापास आहेत. पेटीत कात्री, अर्धी कापसाची गुंडाळी आणि मुदत संपलेलं मलम. खरं तर बर्फ, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक, ओआरएसची पाकिटं आणि साबण एवढं हवं. गवताने सोललेली जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, दाणे आत राहू द्यायचे नाहीत. टेनिसचा बॉल मऊ असतो म्हणून डोळ्यावर लागला तर काही होत नाही, हा गैरसमज आहे. दिसायला धूसर झालं तर डोळा न चोळता त्याच रात्री नेत्रतज्ज्ञाकडे जावं. टक्करीत डोकं आपटलेल्याला, तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी, त्या दिवशी परत खेळवू नये. उलटी किंवा गुंगी आली तर 108. आणि एकटा आलेला अनोळखी माणूस जखमी झाला तर त्याच्या घरी फोन कुणी करायचा, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. खेळ ठेवणाऱ्याने पैसे घेतानाच घरचा एक नंबर घेऊन ठेवावा.

पैसे वसूल होतात का? आठवड्यातल्या संध्याकाळी, सहा ओव्हरच्या हिशेबाने आणि पाटी असलेल्या टर्फवर, नक्कीच. शनिवारी रात्री 2,000 देऊन, पाटी आणि हूटर नसलेल्या ठिकाणी, नाही. पावसाळ्यात छत नसलेला टर्फ घेणार असाल तर पाऊस आल्यावर पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आणि शक्य असेल तर दिवसातला शेवटचा स्लॉट घ्या, त्याच्यामागे गेटवर कुणी उभं नसतं.