पोस्टाची आरडी, आठवड्याचा पगार आणि आमचं घर: दीड वर्ष वापरल्यानंतरचा अनुभव

बचतीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं एक तारखेच्या पगारावर लिहिलेलं असतं. एक तारखेला पगार झाला की आधी बचत बाजूला काढा, मग खर्च करा. आमच्या घरात एक तारीख अशी नसतेच. आमचे हे बेळगावच्या वडगावात वीजमागावर कामाला आहेत. आठवड्यात साड्या किती उतरल्या त्यावर पगार. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. लग्नसराईत दोन्हीकडून बरं येतं, पावसाळा लागला की साडीला उठाव नसतो आणि माझ्याकडंही गिऱ्हाईक कमी होतं. सगळं मिळून महिन्याला 16 ते 19 हजार. त्यात सासूबाई, पीयूसीला (अकरावी-बारावीला) असलेली थोरली, प्राथमिक शाळेतली धाकटी आणि घरभाडं. अशा घरात पोस्टाची आरडी चालते का, हे मला आणखी दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी योजना थोडक्यात. आरडी म्हणजे रिकरिंग डिपॉझिट, दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव. पाच वर्षांची, 60 हप्ते. महिन्याला कमीत कमी 100 रुपये आणि त्यापुढं दहाच्या पटीत कितीही. व्याज ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के आहे, तिमाहीला चक्रवाढ. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर आपल्याला पाचही वर्षं मिळतो. महिन्याला 500 भरले तर आपले 30,000 जातात आणि शेवटी साधारण 35,680 हातात येतात. ही रक्कम ऐकून कुणाचे डोळे दिपणार नाहीत. माझेही दिपले नव्हते. मला व्याजापेक्षा एकच गोष्ट हवी होती, की पैसा घरात राहू नये आणि कुणी मागितला तरी लगेच काढून देता येऊ नये.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. आरडीच्या नियमात एक बारीक गोष्ट आहे जी काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. खातं महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडलं तर पुढचे सगळे हप्ते दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे. 16 तारखेनंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत भरले तरी चालतात. एका माणसाच्या नावावर कितीही आरडी खाती चालतात. म्हणून मी हजाराचं एक खातं न उघडता पाचशे-पाचशेची दोन उघडली, एक महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरं 16 तारखेनंतर. पहिला हप्ता दुसऱ्या आठवड्याच्या पगारातून जातो, दुसरा चौथ्या आठवड्याच्या. पहिल्या आठवड्याचा पगार भाड्याला आणि किराण्याला, तिसऱ्याचा गॅस, शाळा, दवाखाना. हजार रुपये एकदम काढायचे म्हटलं असतं तर तो आठवडा आम्हाला जड गेला असता. पाचशे निघतात. आठवड्याच्या पगारावरच्या घरांना मी आधी हेच सांगते, की हप्त्याची तारीख आपल्या पगाराच्या आठवड्याला जुळवून घ्या, मग रक्कम ठरवा.

दोन खात्यांचा आणखी एक फायदा नंतर कळला. हप्ता चुकला तर शंभरामागं महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे पाचशेला पाच रुपये. तो काही फार नाही. पण लागोपाठ चार हप्ते थकले तर खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला पुढं दोनच महिने मिळतात. अडचणीच्या काळात दोन्ही खाती ओढत बसण्यापेक्षा एक तरी नीट चालू ठेवता येतं.

हप्ता भरायला मला पोस्टात जावं लागत नाही. आमच्या भागात महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट अक्का येतात. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेली कार्डं, गल्लीप्रमाणं वेगळी बांधलेली. दारातूनच हाक मारतात, "वैनी, उद्या पंधरा तारीख हाय बघा." मी पाचशेची नोट देते, त्या माझ्या कार्डावर रक्कम आणि तारीख लिहून सही करतात, मी त्यांच्या वहीत सही करते. त्यांना त्यांचं कमिशन सरकारकडून मिळतं, आपण वर एक रुपयाही द्यायचा नसतो. माझा अनुभव चांगला आहे, तरी एक गोष्ट मी सोडत नाही. एजंटच्या हातात पैसे दिले म्हणजे खात्यात पडले असं होत नाही. कार्डावरची सही ही त्यांनी घेतल्याची खूण, खरी नोंद पासबुकात. दोन-तीन महिन्यांनी पासबुक मागून घ्यायचं आणि कार्डाशी एकेक ओळ ताडून बघायची. आमच्या अक्कांना याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ज्या बायका बघत नाहीत त्यांना त्याच सांगतात, बघून घ्या म्हणून.

पोस्टाकडं वळायला कारण झालं ते आधीच्या पिग्मीचं, म्हणजे रोज थोडे थोडे भरायच्या ठेवीचं. आमच्या कर्नाटकात पिग्मी हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. 1928 साली उडुपीकडं टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं, पुढं जी सिंडिकेट बँक झाली तिनं, रोज दोन आणे दारात येऊन गोळा करायला सुरुवात केली आणि ती पद्धत इथं घराघरांत रुजली. मीही एका सोसायटीत वर्षानुवर्षं रोज भरत होते. थोरलीच्या ॲडमिशनला पैसे मागायला गेले तर "पुढच्या सोमवारी या", मग त्याच्या पुढच्या सोमवारी. पैसे शेवटी मिळाले, पण तोवर ॲडमिशनची तारीख आली होती आणि बाहेरून व्याजानं काढावे लागले. त्या दिवसांत मी एक गोष्ट चौकशी करून शिकले. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 च्या आधी ते एक लाख होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. पाटीवर नुसतं सोसायटी लिहिलंय की बँक, हे बघून घ्यायला दोन मिनिटं लागतात. पोस्टातल्या पैशामागं थेट केंद्र सरकार आहे. माझ्यासारखीच्या तीस हजारांना तेवढी खात्री पाहिजेच.

तरी पिग्मी मी पूर्ण सोडलेली नाही. रोजचे सुटे पैसे गोळा करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. आता एका सहकारी बँकेत रोज वीस-तीस रुपये भरते, फॉल-पिकोचे जसे येतील तसे. व्याज कमी, मध्येच मोडली तर कमिशन कापतात. पण एखाद्या आठवड्यात माग बंद राहिला तर आरडीचा हप्ता तिच्यातून जातो. गल्लीतली भिशीही आहे, ती गणपतीला. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सरकारी योजनांचा यात वाटा किती, हेही सांगायला हवं, कारण आमच्या घरात तो खरोखर आहे. जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकच्या साध्या बसला तिकीट नाही, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. गणपत गल्लीत दोरा-अस्तर आणायला, निपाणीला माहेरी जायला माझे पैसे जात नाहीत. पण न गेलेला पैसा म्हणजे बचत नव्हे, तो दुसरीकडं सहज जातो. म्हणून मी घरी आल्यावर पर्समधलं शून्याचं तिकीट काढते आणि पूर्वी जेवढं भाडं पडायचं तेवढी चिल्लर देवघराशेजारच्या डब्यात टाकते. थोरलीलाही तीच सवय लागली आहे. महिनाअखेर डबा उघडला की दुसऱ्या हप्त्यातला बराचसा भाग त्यातच असतो. सासूबाई हे सगळ्यांना सांगतात. वीजबिलाचं गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळं हलकं झालं, मात्र आपल्या जुन्या सरासरीवर दहा टक्के एवढीच हद्द असल्यानं शिलाई मशीनच्या मोटारीवर मी लक्ष ठेवून असते.

घरातल्या कर्त्या बाईला सरकारकडून महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार ऑगस्ट 2023 ला सुरू झाले. हे पैसे आरडीच्या महिन्याच्या हप्त्याला जोडू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते अमुक तारखेला हातात असतीलच असं धरून चालता येत नाही. पण आरडीत आगाऊ हप्ते भरायची सोय आहे आणि तिथं हा पैसा फार छान बसतो. सहा हप्ते एकदम भरले तर महिन्याच्या हप्त्यातल्या दर शंभरामागं 10 रुपये सूट, बारा भरले तर 40 रुपये. मी दोन महिन्यांचे साठले तेव्हा एका खात्याचे सहा हप्ते एकदम भरून टाकले, 3,000 च्या जागी 2,950. पन्नास रुपये वाचले ते वाचलेच, पण खरी सुटका वेगळीच होती. आषाढ-श्रावणात, माग निम्मे चालतात तेव्हा, एका खात्याची काळजीच नव्हती. एवढं ध्यानात असू द्या, की जितक्या महिन्यांचे आगाऊ भरले तितका काळ सरेपर्यंत ते खातं मुदतीआधी बंद करता येत नाही.

आता जे आवडत नाही ते. तीन वर्षं पुरी झाल्याशिवाय खातं मोडता येत नाही. तीननंतर मोडलं तर व्याज बचत खात्याच्या दरानं, म्हणजे 4 टक्के. पाच वर्षं हा काळ आमच्यासारख्या घरात फार मोठा असतो, मधे दवाखाना येतो, लग्नं येतात, घरमालक भाडं वाढवतो. मला वाटतं तीन वर्षांची आरडी असायला हवी होती. घडी बसायच्या आतच पहिली मोठी अडचण येते.

माझीही आली. शिलाई मशीनची मोटार जळाली आणि मशीन बंद म्हणजे माझी कमाई बंद. आमच्या गल्लीत मायक्रोफायनान्सचे गट आहेत, आठवड्याचा हप्ता, व्याज वीस टक्क्यांच्या वर, आणि गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या दारात वसुलीवाले. कर्नाटकात हा त्रास एवढा वाढला की फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. माझी एक मैत्रीण त्यातून अजून बाहेर पडलेली नाही. तिचा चेहरा डोळ्यांसमोर होता, म्हणून मी गटाकडं गेले नाही. आरडीला वर्ष झालं असेल आणि बारा हप्ते भरले असतील तर शिल्लक रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरावर दोन टक्के, म्हणजे मला 8.7 टक्के. जुन्या खात्यावर 3,000 घेतले आणि महिन्याच्या हप्त्यांनी फेडले, व्याज शंभर रुपयांच्या आत आलं. खातं मोडलं नाही, हप्ते चालू राहिले. मोटार बसवून मशीन पुन्हा चालू झालं त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतःहून विचारलं, पुढच्या वर्षी हप्ता वाढवायचा का म्हणून. आधी आरडीचं नाव काढलं की "पाच वर्षं कोण थांबतंय" म्हणणारे हेच.

कुणाला जमेल, कुणाला नाही? डोक्यावर गटाचं कर्ज असेल तर आधी ते संपवा. 6.7 टक्क्यांनी साठवायचं आणि वीसच्या वर व्याज भरायचं यात घराचं नुकसानच आहे. फार तर शंभर रुपयांचं एक खातं सुरू ठेवा. घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर सुकन्या समृद्धीकडंही बघा. तिथं 8.2 टक्के आहे, वर्षाला 250 रुपये भरले तरी खातं जिवंत राहतं, पण तो पैसा तिच्या शिक्षणापर्यंत गेला असं समजूनच टाकायचा. धाकटीचं मी उघडलंय, दिवाळीच्या शिलाईतून त्यात टाकते.

खातं उघडताना आधार, पॅन आणि फोटो लागतात. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत वाचायला अडचण वाटत असेल तर शाळेतल्या पोरीला सोबत न्या, आमच्या थोरलीनं माझा भरला. नॉमिनीचा रकाना मोकळा सोडू नका. मी एका खात्याला थोरली आणि दुसऱ्याला सासूबाई लावल्या होत्या, आता सासूबाईंच्या जागी ह्यांचं नाव घालून घेतलंय, त्यांनीच तसं सांगितलं.

मार्चनंतर तिसरं खातं उघडणार आहे, तीनशे रुपयांचं, 16 तारखेनंतरचं. पहिली दोन खाती संपतील त्याच्या दोन वर्षांनी ते संपेल, तेव्हा धाकटी दहावीच्या आसपास असेल.